एकच खोली शिल्लक आहे

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "एकच खोली शिल्लक आहे म्हणतोय मॅनेजर. आता गं?"

मला वाटलं, कुणाचं तरी बुकिंग फसलं. दिवाळीचे दिवस, पाचगणी-महाबळेश्वर ओसंडून वाहतंय, वाईतल्या लॉजवाल्यांचीही चांदी. पण आत्या फोनवर बोलत नव्हती, फोनमध्ये वाचत होती. भाग त्रेचाळीस. पुण्याच्या आयटी कंपनीतली एक मुलगी साखरपुडा मोडून आजीच्या वाड्यावर परत आलेली. गावात एक तुसडा तरुण. दाढी, जुनी जीप, सेंद्रिय हळद. घाटात पाऊस, जीप बंद, वळणावर लॉज. आणि काउंटरवर तो मॅनेजर, ज्याच्याकडे जगाच्या पाठीवर कुठेही, कधीही, दोन खोल्या शिल्लक नसतात.

"अगं पण वाईत असं होईल का?" मी म्हटलं.

"गावाचं नाव वेगळं आहे," आत्या म्हणाली आणि चष्मा पुन्हा नाकावर ओढला.

नाव वेगळं असलं तरी घाट आमचाच होता. पसरणी घाट. तीच वळणं, तीच खाली दिसणारी कृष्णेची वळकटी. आणि पसरणी घाटात गाडी बंद पडली की काय होतं हे मी छातीठोकपणे सांगू शकते. दहाव्या मिनिटाला तुमच्या काकांना ओळखणारा माणूस थांबतो. पंधराव्या मिनिटाला तो काकांना फोन लावतो. बॉनेट उघडायच्या आत घरी चहाचं आधण चढलेलं असतं आणि "बरोबर कोण होतं?" हा प्रश्न उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी तुमची वाट बघत उभा असतो. समजा, चमत्कार झाला आणि कुणीच थांबलं नाही. लॉजच्या काउंटरवर वही पुढे येते, आधार कार्ड मागतात, आडनाव वाचलं जातं, मग मान वर होते. "म्हणजे तुम्ही गणपती आळीतल्या का?" संपलं. खोली एक असो की चाळीस.

पन्नाशीला आले तरी असल्या गोष्टी मी वाचते, आवडीने वाचते, आणि प्रत्येक वेळी भांडत वाचते. छोट्या गावातल्या प्रेमकथेचे साचे मला तोंडपाठ आहेत. काहींवर माझा इतका जीव आहे की शंभराव्यांदा आले तरी पान उलटताना बोट थबकतं. काही दिसले की पुस्तक भिंतीवर मारावंसं वाटतं. हल्ली फोन असतो म्हणून हात आवरते.

ही एक खोली अमेरिकेतून आलीय. तिकडे छोट्या गावातली प्रेमकथा हा पुस्तकांचा वेगळा कप्पाच आहे. शहरात वकिली करणारी नायिका नाताळच्या तोंडावर गावी येते. गावात एक बेकरी असते आणि ती बंद पडायच्या बेतात असते. एक विधुर सुतार असतो, त्याला सहा वर्षांची चुणचुणीत मुलगी असते. बर्फ पडतं, रस्ते बंद होतात. हॉलमार्क नावाच्या वाहिनीने २००९पासून दर नाताळाआधी अशा चित्रपटांचा रतीबच घातलाय. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या पोटात खरी भीती आहे. तिकडच्या कितीतरी गावांतली माणसं शहराकडे गेली, हमरस्त्यावर मोठी दुकानं आली आणि गावातल्या मुख्य रस्त्यावरची शटरं एकेक करून खाली आली. म्हणून तिथे प्रेम जमतं तेव्हा बेकरीही वाचावी लागते. खरं सांगायचं तर लग्नापेक्षा बेकरी वाचल्याचंच मला जास्त बरं वाटतं.

आमच्याकडे त्या बेकरीचा होमस्टे होतो. पण आमचं तालुक्याचं गाव रिकामं कुठे होतंय? ते सुजतंय. उसाच्या शेतात चुन्याच्या रेघा ओढलेल्या असतात आणि कोपऱ्यावर 'एनए प्लॉट' अशी पाटी. वाईला वाचवायला पुण्याहून कुणी येत नाही, सेकंड होम बांधायला येतं. त्यामुळे ती नायिका आजीच्या वाड्याचं कुलूप उघडून "इथे किती शांत आहे!" म्हणते तेव्हा मला शेजारच्या प्लॉटवरचं काँक्रीट मिक्सर ऐकू येतं.

दुसरा साचा याहून जुना, अस्सल देशी आणि माझ्या मते सर्वांत मूर्ख. नायिका नायकाला दुसऱ्या मुलीबरोबर बघते. तो तिला स्कूटरवर बसवून चाललेला असतो, किंवा तिचे डोळे पुसत असतो. नायिकेचं हृदय विदीर्ण. ती पुण्याला मावशीकडे निघून जाते, स्थळ बघायला होकार देते, शंभर पानं जातात आणि मग कळतं की ती त्याची बहीण होती. लंडनमध्ये चालेल हे. मुंबईतही चालेल. पण वाईत? वाईत नायिकेला हे माहीत असतं की ती त्याची बहीण आहे, ती फलटणला दिलीय, तिची सासू खाष्ट आहे आणि या खेपेला ती माहेरी आलीय ती काही सहज आलेली नाही. एवढं तिच्या आईला भाजीवालीने सकाळीच सांगितलेलं असतं. आमच्याकडे गैरसमजाला माहितीचा तुटवडा लागतो आणि तो कधीच नसतो. तालुक्याच्या गावात प्रेमं मोडतात ती माहिती जास्त झाल्याने.

हे सगळं मी शिकले ते आळीच्या तोंडाशी असलेल्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीत. लायब्ररी म्हणजे स्टेशनरीच्या दुकानाचा मागचा भाग. महिन्याला पाच रुपये, वीस रुपये डिपॉझिट. पुस्तकांना खाकी कव्हरं आणि पाठीवर डिंकाने चिकटवलेला आकडा. त्यामुळे नावं कुणालाच माहीत नसत. "एकशे बेचाळीस आलं का?" असंच विचारायचं. दुकानाचे काका मला बघून काही आकडे मागच्या फळीवर ढकलायचे. तेच आकडे मी आईच्या नावावर आणायचे.

त्या पुस्तकांत छापलेल्यापेक्षा जास्त मजकूर समासात होता. शिसपेन्सिलीने लिहिलेला, वेगवेगळ्या हातांचा. नायकाच्या लांबलचक कबुलीशेजारी, 'बोलायला पैसे पडत नाहीत.' सासूच्या प्रसंगाशेजारी नुसतं, 'हो.' आणि एका पुस्तकाच्या तिसऱ्याच पानावर, नायिकेचं पहिलं वर्णन संपताना, कुणा दुष्टाने लिहिलं होतं, 'ही मरते.'

नववीच्या सुट्टीत एका पुस्तकात मला अक्षरांखाली टिंबं दिसली. आधी वाटलं, पेन्सिलीचे डाग. मग एकेक अक्षर वहीत उतरवत गेले. श. नि. वा. री. पुढे सु. आणि मग अकरा पानं काहीच नाही. इंग्रजीत हा खेळ सोपा असावा, अक्षर हवं की मिळालं. आपल्याकडे काना-मात्रेसकट, जोडाक्षरासकट नेमकं अक्षर शोधावं लागतं. लिहिणाऱ्याला 'ट्टी' हवा होता आणि तो मिळत नव्हता. अखेर नायकाला ताप भरतो, त्या प्रसंगात तो सापडला. नायिका रात्रभर उशाशी बसून मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवते, त्या पट्टीतला 'ट्टी' उचलला होता. त्या तापाच्या प्रसंगाचा मला तिटकारा आहे. प्रत्येक कादंबरीत एकदा हा ताप येतोच, नायक ग्लानीत नायिकेचं नाव घेतो, आणि डॉक्टर "आजची रात्र महत्त्वाची" म्हणतात. पण त्या 'ट्टी'मुळे मी त्याला अर्धी माफी दिलीय.

पूर्ण निरोप असा होता: शनिवारी सुट्टी. पाच. गणपतीमागे.

गणपती म्हणजे अर्थात ढोल्या गणपती. रास्त्यांनी १७६२ साली कृष्णेच्या घाटावर बांधलेलं देऊळ. त्याची मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेलीय. पुराचं पाणी तिच्यावर फुटावं आणि दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. पुढून गाव दर्शनाला येतं. मागे त्या निमुळत्या दगडाच्या आडोशाला दोन माणसं उभी राहिली तर घाटावरून पटकन दिसत नाहीत. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी पुराचा विचार केला आणि त्याचा उपयोग गावाने हा केला!

शनिवारी पाचला मी आणि मैत्रीण घाटावर हजर. एक म्हातारे गृहस्थ संध्या करत होते. दोन मुलं गळ टाकून बसली होती. एक म्हैस होती. सहा वाजले, साडेसहा झाले, कुणी आलं नाही. घरी येऊन पुस्तक परत उघडलं, शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघितली. माझ्या आधी ते पुस्तक तीन वर्षांपूर्वी गेलेलं होतं.

ती दोघं भेटली का, ती मिठाची पट्टी कामी आली का, देव जाणे. पण वाईसारख्या गावात प्रेमकथा कुठे अडते ते मला तेव्हा कळलं. 'ती हो म्हणेल का' हे कोडं आमच्याकडे फार लवकर सुटतं. वर्गाच्या दोन रांगांमधून, डोळ्यांनीच सुटतं. पुढे सगळं अडतं ते जागेवर. दहा मिनिटं उभं कुठे राहायचं? कुणाच्या दुकानाच्या फळीवर, कुठल्या कारणाने? हातात काय धरून? जे साचे या प्रश्नाशी झुंजतात ते मला आवडतात. जे त्याला बगल देतात ते नाही आवडत. माझा एवढा एकच निकष आहे, बाकी समीक्षा ज्यांना येते त्यांनी करावी.

म्हणून एसटीचा प्रसंग मला कधी शिळा वाटत नाही. पहिली एसटी १ जून १९४८ला नगरहून पुण्याला गेली, आणि मला खात्री आहे की त्या गाडीतही कुणीतरी कुणाकडे बघितलं असणार. एसटी म्हणजे कारण असलेली जागा. पास आहे, कॉलेज आहे, गाडी वेळेवर येत नाही हा कुणाचा दोष नाही. त्यातही मला हवा असतो तो रुमाल. सातारा गाडी फलाटाला लागते न लागते तोच गर्दी दारावर तुटून पडते आणि एक हात खिडकीच्या गजांतून आत जातो, बाकावर रुमाल टाकतो. जागा धरली. स्वतःसाठी नाही. तो नंतर दांडीला लोंबकळत जाणार, आणि ती त्या रुमालावर बसणार नाही, तो उचलून घडी करून मांडीवर ठेवणार, आणि उतरताना परत देताना दोघांची बोटं लागणार नाहीत याची काळजी घेणार. कारण मागच्या बाकावर शेजारच्या काकू आहेत. कुणी कुणाला एक अक्षर बोललेलं नाही. ज्या मुलुखात दोघांना उभं राहायला जागा नाही, तिथे तुझ्यासाठी जागा धरली, याहून मोठं काय सांगायचं असतं?

याच कारणाने मला पिठाची गिरणी कथेत फार कमी दिसते याचं आश्चर्य वाटतं. नदीकाठ, देऊळ, कॉलेजचा कट्टा, सगळे वापरून गुळगुळीत झाले. गिरणीत कुणी गेलंच नाही. गिरणी ही आमच्या लहानपणची सर्वांत निर्दोष जागा होती. दळण घेऊन गेलेल्या मुलीला "इतका वेळ कुठे होतीस?" असं कुणी विचारत नाही, कारण पुढे बाजरी होती, मग गव्हावर ज्वारीचं नको म्हणून थांबले, मग लाईट गेली. लाईट जाणं तर वरदानच. पट्ट्याची फटफट थांबते आणि इतका वेळ ओरडून बोलणारी माणसं एकदम गप्प होतात. पिठाचा धुरळा खाली बसत असतो. सगळ्यांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या, म्हणजे पुढे म्हातारपणी कोण कसं दिसेल ते आजच दिसतंय. दोन डबे रांगेत शेजारी शेजारी. आतलं दळण गरम, डबा कमरेवर घेतला की ऊब पोटाला लागते. हे मी वाचलेलं नाही, मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते या लेखात येणार नाही.

गॅदरिंगच्या तालमी, नोट्सच्या वह्या, शेजारच्यांच्या पीपी नंबरवर येणारे आणि 'हॅलो'नंतर कट होणारे फोन, नवरात्रातली आरती, हे सगळे माझ्या आवडत्या रांगेत. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की नुसती हजेरी लावते.

आता राग.

वाईच्या घाटाला देखावा होण्याची सवय आहे. २००३मध्ये 'गंगाजल' आला त्यात आमचा परिसर बिहार होता, २०१०च्या 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश. शूटिंगच्या दिवसांत दुकानांवरच्या मराठी पाट्यांवर हिंदी पाट्या चढायच्या आणि आमच्यातले काहीजण दिवसाच्या रोजावर भोजपुरी गर्दी व्हायचे. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, पैसे मिळायचे आणि नट बघायला मिळायचे. पण कादंबरीकार जेव्हा हेच करतो तेव्हा मात्र डोकं फिरतं. गाव म्हणजे पडदा. पुढे शहरातून आलेला डॉक्टर किंवा इंजिनिअर, आणि त्याला भेटणारी अवखळ, निरागस, अल्लड मुलगी. ही नेहमी अनवाणी असते. पाऊस आला की अंगणात धावते, करडाला कवटाळून बोलते, आणि 'रिसेप्शन' शब्दाचा उच्चार चुकवते म्हणजे नायकाला हसू यावं. मी वाईत एकवीस वर्षं काढली. पाऊस आला की आम्ही आधी गच्चीवरच्या कुरडया काढायला पळायचो. आमच्यातल्या निम्म्या जणी टायपिंगच्या क्लासला जात होत्या, चाळीसच्या स्पीडची परीक्षा देत होत्या, कारण त्यावर नोकरी लागायची आणि नोकरी लागली की गाव सुटायचं. निरागस राहणं आम्हाला परवडणारं नव्हतं. कुठल्या बोळातून गेलं तर कोण दिसतं आणि कुणाला आपण दिसतो, याचा नकाशा बाराव्या वर्षी डोक्यात तयार होता.

त्या नकाशामुळेच एका साच्याशी माझी कायमची फारकत आहे. मुलगी नाही म्हणते, मुलगा मागे लागतो. कॉलेजपासून घरापर्यंत रोज पाठोपाठ चालतो, भिंतीवर नाव लिहितो, हाताची शीर कापून घेतो. दीडशेव्या पानावर तिचं मन द्रवतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव असंच स्टँडच्या भिंतीवर आलं, बाजूला बाण मारलेला बदाम. ती त्या मुलाशी कधी बोललेलीही नव्हती. गावातल्या प्रत्येकाने ते वाचलं. पुढच्या सोमवारी तिची जागा वर्गात रिकामी होती, आणि मे महिन्यात तिच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली. तिचं गणित माझ्याहून चांगलं होतं. भिंत पुढच्या निवडणुकीआधी पांढरी झाली. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात आला तो २०१३मध्ये. कथेत अजून तो निष्ठेचा पुरावा म्हणूनच चालतोय, आणि ज्या ॲपवर आत्या वाचते तिथे अशा नायकाखाली हृदयांच्या रांगा असतात.

आणि आडनावं. तुम्ही कधी मोजलंय? आमच्या कादंबऱ्यांतल्या प्रेमिकांना बहुतेक वेळा आडनाव नसतं. नुसता समीर, नुसती मेघना. मोठ्या शहरात एकवेळ खपेल. तालुक्याच्या गावात नवीन माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा मूळ गावाचा, आणि या दोन प्रश्नांत तिसरा न विचारता विचारून होतो. वडील विरोध करतात तो का? कादंबरीत मुलगा गरीब असतो म्हणून. मग त्याला परदेशात नोकरी लागते आणि वडिलांचे डोळे पाणावतात. सगळ्या वाचकांना माहीत असतं की वडील कशाबद्दल बोलतायत, लेखकालाही माहीत असतं, आणि सगळे मिळून पगाराबद्दल बोलतात. २०१६मध्ये 'सैराट' आला तेव्हा आमच्या गावात लोक दोन-दोनदा बघून आले, गाण्यांवर नाचले आणि शेवटच्या दृश्याबद्दल घरी कुणी काही बोललं नाही. मला ती शांतता आठवते.

या विषयावर आलं की लेखक लोक दोघांना पळवून नेतात आणि कोर्ट मॅरेज लावतात. सकाळी गेले, दोन मित्रांनी सह्या केल्या, हार घातले, संध्याकाळी पाया पडायला दारात. इतकं सोपं असतं तर काय! १९५४चा विशेष विवाह कायदा वेगळंच सांगतो. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवं. मग नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, नाव, वय, व्यवसाय, पत्त्यासकट. तीस दिवस हरकतीची वाट बघायची. त्यानंतर तीन साक्षीदार. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पहिल्यापासून. ज्यांना एकमेकांशेजारी दहा मिनिटं उभं राहायला जागा मिळाली नाही, त्यांची नावं महिनाभर शेजारी शेजारी भिंतीवर! कितीतरी जोडपी त्यापेक्षा आळंदीची गाडी पकडतात ती उगाच नाही.

माझ्या नात्यातल्या एकीने ही नोटीस दिली होती, दुसऱ्या एका जिल्ह्यात. नवव्या दिवशी त्या बोर्डाचा फोटो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. कुणी काढला ते आजवर कळलेलं नाही. फोटोखाली एका काकांनी चुकून अंगठा दाखवला, मग तो काढून घेतला. पुढचे एकवीस दिवस त्या मुलीने कसे काढले, रोज सकाळी कुठली चप्पल दाराशी ठेवून कुठली घालून बाहेर पडायची, मोबाइल कुणाकडे ठेवायची, हे ती मला एकदा तीन तास सांगत होती. त्या तीन तासांत मी एकदाही भांडले नाही. तिचे तिन्ही साक्षीदार परगावचे होते. अशी प्रेमकथा लिहा ना कुणीतरी, तीस दिवसांची. रोज एक भाग.

हे सगळं मी त्या दिवाळीत आत्याला ऐकवलं. फराळाचं ताट पुढे, मी तावात. घाटातली जीप, लॉजचा मॅनेजर, आधार कार्ड, गणपती आळी. आत्या शांतपणे चकलीचे तुकडे करत होती. आत्या चौऱ्याहत्तरची. सासर-माहेर दोन्ही वाईच, मध्ये दोन आळ्या. काका हळदीच्या वखारीत दिवाणजी होते.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "हे मला माहीत नाही का? मी वाईतच आहे की. तूच गेलीस पुण्याला."

"मग तरी तुला ते आवडतं?"

"कुठलं?"

"एकच खोली शिल्लक."

आत्या थांबली. मग बोट वर करून एकेक मोजत म्हणाली, "अख्खी खोली. त्यात दोघंच. आणि बाहेर पाऊस, म्हणजे कुणी दार वाजवणार नाही." तीन बोटं तशीच हवेत होती. "लग्न होऊन आले तेव्हा तीन खोल्यांत आम्ही अकरा माणसं. आम्हाला खोली मिळाली नऊ वर्षांनी. मामंजी गेले तेव्हा. थोरला तेव्हा सात वर्षांचा होता."

मला 'एकच खोली' या शब्दांत आजवर तुटवडा दिसत होता. एकच! अरेरे, आता दोघांनी कसं करायचं! आत्याला त्या शब्दांत ऐश्वर्य दिसत होतं. आणि माझ्या सगळ्या हुशारीत मी जागेचा प्रश्न लग्नाच्या अलीकडेच संपवून टाकला होता. मंगळसूत्र घातलं की जागा मिळत असेल असं मी कशावरून धरलं होतं, कोण जाणे.

"मग तुम्ही बोलायचा कुठे?" मी विचारलं.

"बोलायचं काय त्यात?" आत्याने चकली तोंडात टाकली. चावून झाली. "कृष्णाबाईच्या उत्सवात पंगती बसायच्या घाटावर. हे वाढायला असायचे. आमटीची बादली घेऊन. मला दोनदा वाढायचे."

"मागून?"

"न मागता. पुढच्या पानाला एकदा, मागच्या पानाला एकदा. मला दोनदा." ती उठली, ताट उचललं. "आणि मला आमटी आवडायची पण नाही गं."

त्रेचाळिसाव्या भागाच्या शेवटी मॅनेजर किल्ली काउंटरवर ठेवतो आणि गोष्ट तिथे थांबते. पुढचा भाग लगेच हवा तर नाणी विकत घ्यावी लागतात. थांबलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फुकट उघडतो. आत्या थांबते. मी देते म्हटलं पैसे, तर म्हणाली, "कशाला? नऊ वर्षं थांबले."

रात्री ती झोपल्यावर मी गुपचूप माझ्या फोनवर ते ॲप उतरवलं, पैसे भरले आणि चव्वेचाळिसावा भाग उघडला. मनात अर्धा शेरा तयारच होता. खोली होती, पाऊस होता, जुनाट पलंगही होता. पण त्याला कुणी हात लावला नाही. दोघं खिडकीपाशी उभे राहून नुसते बोलत होते. साखरपुडा का मोडला, त्याचे वडील कर्जात कसे गेले, लहानपणी कुणाला कशाची भीती वाटायची. मध्ये एकदा वीज गेली आणि आली. भाग संपला तरी बोलणं संपलं नव्हतं. शुद्धलेखनाच्या चुका मोजायचंही मी विसरले.

सकाळी उठले तर आत्या दारात चप्पल शोधत होती. एका हातात ज्वारीचा डबा, दुसऱ्या हातात फोन.

"मी जाते की दळणाला," मी म्हटलं. "तू बस. आज बलिप्रतिपदा, गिरणीत गर्दी असेल."

"असली तर बरंच," आत्या म्हणाली, आणि फोन डब्याच्या झाकणावर ठेवून पायऱ्या उतरली.